बोटीवरच्या मेटकरी बाई

मेटकरी बाईंबद्दल कुणी "तशा मनानं चांगल्या होत्या हो" असं म्हणालं की माझं डोकंच फिरतं. त्या 'तशा'त सगळं येतं. तोंडानं वाईट, वागायला कठीण, कुणाशी न पटणाऱ्या, पण तशा चांगल्या! आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर होते. ते मुलांच्या पाठीत डस्टर हाणायचे, शिपायावर खेकसायचे. त्यांना सगळे 'कडक' म्हणायचे. बाईंनी आयुष्यात एका मुलाला बोट लावलं नाही. त्यांचा आवाज चढायचा तो कायम वरच्या दिशेनं, हेडसरांवर, संस्थेच्या लोकांवर, तपासणीला आलेल्या साहेबांवर. त्या मात्र भांडखोर. मला त्यांच्याबद्दल लिहायचंय ते त्या भांडखोर होत्या म्हणूनच. चांगलं मन पुष्कळांकडे असतं. ते घरी ठेवून कामावर येतात, एवढंच.

सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या शाळेत त्या तासिका तत्त्वावर आल्या. म्हणजे नोकरी पक्की नाही, दर जूनमध्ये शाळेनं पुन्हा बोलवायचं, बोलावलं तर यायचं. मी मराठी शिकवायची, त्या गणित. उंच, काटक बाई, उन्हानं करपलेला चेहरा, साडी घोट्याच्या बरीच वर. डबा उभ्यानं खायच्या, शिक्षकखोलीच्या खिडकीपाशी. कडक भाकरी मोडायची, शेंगाची चटणी चिमटीनं घ्यायची, नजर मैदानावर. मी कितीदा म्हटलं, "अहो, बसा की जरा." तर म्हणायच्या, "बसलं की खालचं दिसत नाही." सहलीला गेलो तर हजेरी घ्यायच्या नाहीत. घोळक्यावरून नुसती नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "एक कमी आहे." खरंच एक कमी असायचं.

ही नजर कुठून आली हे मला नंतर कळलं. बाईंचे वडील सांगोल्याकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घर सोडायचं, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. जिथं कळप बसेल तिथं राहायचं. मध्ये लागेल त्या गावच्या शाळेच्या खिडकीला लोंबकळून जेवढं ऐकू येईल तेवढं शिक्षण. अक्षरं शिकल्या त्या रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवरून. मोडनिंबच्या आसपास त्यांनी पहिलं अक्षर ओळखलं ते 'मो'. वडील विचारायचे, "काय लिवलंय गं?" आणि ही सांगायची. वडिलांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं चुकलं तरी कौतुकच व्हायचं. पुढं कुणीतरी वसतिगृहात घातलं आणि त्या शिकल्या.

एकदा शाळेत एक कागद आला. भटक्या कुटुंबातली मुलं शोधून 'शाळाबाह्य' म्हणून त्यांची नोंद करायची होती. बाईंनी तो वाचला आणि टेबलावर आपटला.

"शाळाबाह्य म्हणं! आमी कवा शाळेच्या बाहेर हुतो? शाळा आमच्या बाहेर हुती की!"

एरवी त्यांचं बोलणं अगदी पुस्तकी, शाळेतलं. रागावल्या की मात्र सगळं सांगोलं जिभेवर यायचं. त्यामुळं त्या किती रागावल्यात ते 'आहे'चं 'हाय' झालं की लगेच कळायचं.

वर्गात "समजलं का?" हा प्रश्न त्यांना चालायचा नाही. नवीन शिक्षिकेनं तो विचारलेला कानावर आला तर तिला बाहेर बोलावून सांगायच्या, "मान मेंढरूबी डोलवतंय. करून दाखव म्हणावं." त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र एवढंच होतं.

त्यांची शाळा सुटली ती तपासणीच्या दिवसामुळं. आदल्या दिवशी हेडसरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "आठवीतली ती सात-आठ कच्ची मुलं उद्या येणार नाहीत असं बघा. आजारी पडू द्या." आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. बाई काही बोलल्या नाहीत, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीवरून विणकरांच्या पूर्व भागात गेल्या, यंत्रमागांच्या खडखडाटात एकेका घराचं दार वाजवलं. आया तेलुगू बोलणाऱ्या, त्यांना वाटलं पोरानं काही केलं. बाईंनी सगळ्यांना गोळा करून आणलं आणि पहिल्या बाकांवर बसवलं.

साहेब वर्गात आले. समोरच श्रीनिवास नावाचा मुलगा होता. साहेबांनी त्याला पुस्तक दिलं, "वाच बाळ." श्रीनिवास उभा राहिला. पुस्तक धरलं. कान लाल झाले. बाई बाजूला उभ्या होत्या, मी दाराशी. बाई म्हणाल्या, "साहेब, ह्याला वाचता येत न्हाय. तीन वर्षं हितं बसतोय, आन् येत न्हाय. आज त्यानं घरी थांबावं म्हणून निरोप गेला हुता. हे अपयश आमचं हाय, त्याचं न्हाय."

मला त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. साहेबांनी चहा न घेता शाळा सोडली. श्रीनिवास पुढचे आठ दिवस आला नाही. आणि जूनमध्ये बाईंना बोलावणं आलं नाही.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त वकील राहतात, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांच्या मुलानं, अभिजितनं, परदेशात धंदा केला, विकला, आणि शिडाची मोठी बोट विकत घेतली. याट. बायको रेवा, बारा वर्षांचा कबीर आणि नऊ वर्षांची तारा, असं सगळं कुटुंब बोटीवर राहून जग फिरणार होतं. सुरुवात मलेशियाच्या किनाऱ्यावरून. मुलांची शाळा सोडवलेली. त्यांना मराठी आणि गणित शिकवायला बोटीवरच राहील अशी शिक्षिका हवी होती. अप्पांनी मला विचारलं. बाईंची शाळा सुटून तेव्हा चार वर्षं झाली होती, मी त्यांचंच नाव सांगितलं.

मुलाखत अप्पांच्या दिवाणखान्यात झाली, अप्पांच्या फोनवर. अभिजितनं विचारलं, "पोहता येतं का?"

"येतं. विहिरीत शिकले, कमरेला भोपळा बांधून."

"समुद्राचा काही अनुभव?"

"नाही. तुम्हाला शिकवायचा आहे का?"

मी डोळे मिटून घेतले. पण पलीकडून रेवा खळखळून हसली आणि म्हणाली, "अभि, शी इज सो ऑथेंटिक!" पासपोर्ट आला, आणि पाऊस संपता संपता बाई सोलापुरी चादर आणि चटणीचा डबा घेऊन निघाल्या.

पुढचं मला कळलं ते त्यांच्या फोनवरून आणि नंतर त्यांच्या तोंडून. पहिला आठवडा त्या आडव्याच होत्या. ओकत ओकत पाढे घेतले म्हणे. मग समुद्र अंगवळणी पडला. भांडण झालं ते पहिल्यांदा नावावरून. रेवानं मुलांना सांगितलं होतं, ह्यांना विमलताई म्हणा. बाईंनी मुलांना सांगितलं, "बाई म्हणायचं."

रेवा बाजूला घेऊन म्हणाली, "प्लीज, गैरसमज नको. पण आमच्याकडे मुंबईत बाई म्हणजे... कामाला येणारी."

"मग तुमच्याकडचं चुकलंय. ताई मदतीला असते. बाई शिकवते."

कबीरचं काही नव्हतं. गणित पटापट उरकून गळ टाकून बसणारा पोरगा. ताराची गोष्ट वेगळी. गोड, बडबडी, सगळं तोंडपाठ. रेवा रोज सकाळी डेकवर मुलांना बसवून त्यांच्या शाळेचे व्हिडिओ काढायची आणि इंटरनेटवर टाकायची. हजारो माणसं ते बघायची. त्यात तारा हत्तीची गोष्ट वाचायची, तीसुद्धा अभिनयासकट. एकदा बाईंसमोर ती अशीच वाचत असताना वारा सुटला आणि पुस्तकाची दोन-तीन पानं उलटली. उघड्या पानावर आता ससा होता. ताराचा हत्ती मात्र नदीवर पाणी प्यायला निघालाच होता.

बाईंनी हळूच पुस्तकावर हात ठेवला. ताराची जीभ थांबली. तिनं आधी मागं वळून बघितलं, आई कुठं आहे ते. मग कुजबुजली, "कुणाला सांगू नका ना."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या. "पण शिकवते."

नऊ वर्षांच्या मुलीला एक अक्षर येत नव्हतं. अक्षरं तिच्या डोळ्यापुढं नाचायची, ठरायचीच नाहीत. अशा मुलांना शिकवायच्या रीती असतात, बाईंनी शाळेत अशी मुलं हाताळली होती. त्यांनी बोटीवरचा जाड दोर घेतला आणि डेकवर त्याचं अक्षर मांडलं. ताराला डोळे मिटून अनवाणी त्यावरून चालायला लावलं. पायाला 'र' कळला, मग 'ग', मग 'ब'. रोज एक. समुद्र खवळला असेल तर खाली खोलीत, दोर चादरीवर. महिनाभरानं मला फोन आला. आवाज एवढा मोठा की मला वाटलं काहीतरी वाईट झालं.

"कुलकर्णी मॅडम! पोरगी चटणी वाचती हो!"

त्यांच्या डब्यावर त्यांनीच लिहिलेलं होतं, चटणी. ताराला ते कुणी सांगितलं नव्हतं, ती आपली आपण डब्यापुढं बसून च, ट, णी असं करत होती. त्यांचा रागाशिवाय चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

त्या रेवाशी बोलल्या नव्हत्या असं नाही. ताराचा शब्द राखून, आडून आडून, मुलीच्या वाचनाकडं बघायला हवं एवढं म्हणाल्या. तर रेवाला सगळं माहीतच होतं. "आम्हाला तिच्यावर लेबल नकोय," ती म्हणाली. "प्रत्येक मूल आपल्या वेळेला फुलतं."

"झाडबी आपल्या येळंलाच फुलतंय. पण कुणीतरी पाणी घालतंय की!"

आणि मग ती कंपनी आली. मुलांना वाचायला शिकवणारं कसलंसं ॲप बनवणारी कंपनी. त्यांना व्हिडिओ हवा होता, बोटीवर वाढणारी, शाळेत न जाणारी मुलगी त्यांच्या ॲपवरून अस्खलित वाचतेय. दोन दिवस रेवा ताराला त्या गोष्टीचं रेकॉर्डिंग ऐकवत होती. ताराचं दोरावर चालणं बंद. बाई अभिजितकडे गेल्या.

"तिला थोडे शब्द खरे येतात. तेवढेच दाखवा की. लोकांना तेबी आवडंल."

"तुम्ही शिकवा," अभिजित म्हणाला. "बाकीचं आम्ही बघतो."

दुपारी डेकवर कॅमेरा लागला. ताराला नवा फ्रॉक. मांडीवर टॅब. तिनं गोष्ट 'वाचली', एक अक्षर न अडखळता. अभिजित तिच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघत बोलायला लागला, शाळा नावाच्या कारखान्यात मुलांचं काय होतं, आणि मोकळं सोडलं तर मूल कसं आपणहून वाचायला लागतं. बाई कॅमेऱ्याच्या मागं उभ्या होत्या. त्या पुढं गेल्या, टॅबवर बोट फिरवून भलतंच पान काढलं आणि म्हणाल्या, "आता हे वाच."

तारानं पान बघितलं. मग बाईंकडं बघितलं.

अभिजित ओरडला, रेवा रडली, कबीर खाली निघून गेला. दुसऱ्या दिवशी बोट जवळच्या बंदराला लागली आणि बाईंच्या हातात विमानाचं तिकीट दिलं गेलं. तारा आपल्या खोलीतून बाहेर आली नाही. बाईंनी दार वाजवलं, तरी नाही.

सोलापुरात परतल्यावर त्या थेट माझ्याकडं आल्या. बसल्या नाहीतच. दिवाणखान्यात या टोकाहून त्या टोकाला चालत त्या बोलत होत्या.

"मेंढरामागं फिरणारी पोरं शाळाबाह्य. आन् बोटीवर फिरणारी पोरं जगाची नागरिक! आमचा बा वाचता येत न्हाय म्हणून मान खाली घालून चालायचा. हे लेकीला वाचता येत न्हाय ते झाकून छाती काढून चालत्यात. शिकलेली माणसं ही!"

मी म्हणाले, "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. कुणीतरी तोंडावर सांगायलाच हवं होतं."

त्या थांबल्या. माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता माझी पाळी.

"बरोबर? मॅडम, मी त्या पोरीला शब्द दिला होता." 'हुता' गेला होता, 'होता' आला होता. आवाज एकदम खाली. "ती रडली नाही. नुसतं बघितलं माझ्याकडं. आईबापांच्या तोंडावर मारायला मी त्या लेकराचा दगड केला."

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "श्रीनिवासलाही असंच वाटलं असेल."

त्या आठवड्यात त्या श्रीनिवासला शोधत गेल्या. तो आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता, कामात तरबेज झालेला. त्याला त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला साहेबापुढं उभं केलं, ते चुकलं." त्यानं हसून विषय उडवला, "जाऊ द्या की बाई, कुणाला आठवतंय." आणि लगेच सांगितलं की त्या दिवशी त्यानं निळ्या रेघांचा शर्ट घातला होता, आणि तो त्यानं पुन्हा कधी घातला नाही.

हे सांगताना बाईंचा चेहरा मी बघितला. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी माझ्यापुढं "बाईंना राग आवरत नाही" असं म्हटलं, त्यांना मी एवढंच विचारते, तुम्ही कधी तुमच्या गप्प बसण्याची माफी मागायला कुणाच्या दुकानात गेलात? त्या दिवशी हेडसरांसमोर आम्ही सगळे खाली बघत होतो. आमच्यापैकी कुणाला श्रीनिवासचा शर्ट माहीत नाही.

तिकडं बोटीवरचे व्हिडिओ चालूच होते. एकात रेवा हसत म्हणाली, "काही माणसांना समुद्र सोसत नाही." बस्स. बाईंचा निकाल लागला. त्यांनी ताराला फोन लावून बघितले, पण नंबर बंद केलेला होता. मग त्यांनी जुळे सोलापूर भागातल्या आपल्या दोन खोल्यांत शिकवण्या सुरू केल्या. शाळेनं ओवाळून टाकलेली पोरं त्यांच्याकडं यायची. जिन्यात चपलांचा ढीग, आणि आतून आवाज, "मान नको डोलवू! करून दाखव!"

पुढच्या वर्षी ते कुटुंब काही आठवड्यांसाठी सोलापुरात आलं. अप्पांच्या ओळखीनं एका सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं, 'समुद्र हीच शाळा'. शाळाशाळांतून मुलं नेली. मीही नववीचा वर्ग घेऊन गेले. पडद्यावर निळं पाणी, डॉल्फिन, सूर्यास्त. आमची मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांनी समुद्र बघितला नव्हता. कुणीतरी विचारलं, "सर, शिकवायला कोण होतं?" अभिजित म्हणाला, "निसर्ग! आणि हो, सुरुवातीला मदतीला एक ताई होत्या."

माझ्या अंगाची लाही झाली. मी खुर्चीत वळले आणि बघते तर मागच्या दाराशी बाई उभ्या. हात पदराखाली. मला वाटलं, आता होऊन जाऊ दे. उठा बाई, बोला, या भरल्या सभागृहात याचे वाभाडे काढा. खरं सांगते, मी देवाला विनवत होते.

बाईंची नजर मात्र स्टेजवरच्या ताराकडं होती. माझ्याच वर्गातल्या मुलीनं ताराला विचारलं, "तुझं आवडतं पुस्तक कोणतं?" तारानं आईकडं बघितलं आणि एका दमात उत्तर दिलं. तो पाठ केलेला सूर आम्हा दोघींना तरी ओळखू आला.

कार्यक्रम संपल्यावर लोक अभिजितभोवती फोटोला जमले. तारा बाहेर पाण्याच्या टाकीपाशी एकटीच ग्लास भरत होती. बाई तिच्याजवळ गेल्या आणि खाली उकिडव्या बसल्या. मी दोन पावलांवर होते.

"तारा, मी तुला म्हटलं होतं, कुणाला सांगणार नाही. आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मी चुकले."

तारा ग्लासाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आई म्हणाली, मला येत नाही म्हणून तुम्ही कंटाळून गेलात."

बाई उठल्या. रेवा तोवर मुलीला शोधत तिथं आलीच होती. मी बाईंचा राग शेकडो वेळा बघितला होता, पण असा नाही. आवाज एक कणभरही चढला नाही.

"मला उतरवलंत, त्याचं मला काय न्हाय. माझ्या नावानं काय बोललात, त्याचंबी न्हाय. पण ह्या लेकराला असं सांगितलंत? वर्षभर ही तेवढंच घेऊन झोपली असंल की!"

रेवाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला... दुसरं काय सांगायचं ते कळलं नाही."

"खरं सांगायचं."

तेवढ्यात अभिजित चार जणांना घेऊन आला. "अरे, विमलताई! या ना, फोटोत या."

"बाई," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

दोन दिवसांनी रेवा रिक्षा करून बाईंच्या घरी गेली, ताराला घेऊन. चपलांच्या ढिगात चपला काढून, पोरांच्या मध्ये जमिनीवर बसली. पोरं गेल्यावर म्हणाली, "आम्ही परत निघतोय. बोटीवर आता नेट बरं आहे. आठवड्यातून तीनदा फोनवर शिकवाल का?"

बाईंनी दोन अटी घातल्या. व्हिडिओ काढायचा नाही. आणि ताराच्या बापानं ताराला समोर बसवून सांगायचं, तुला अजून वाचता येत नाही हे मला माहीत आहे, आणि त्यात लाजायचं काही नाही. पहिली अट रेवानं तिथंच मान्य केली. दुसरीला म्हणाली, "मी त्याला सांगते." त्यानं ते म्हटलं की नाही, मला अजून माहीत नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पोरगी फोन उचलते, एवढं बास."

मी निवृत्त झाले आणि मुलीकडं नाशिकला जायचं ठरलं. निघायच्या आधी निरोप घ्यायला बाईंकडं गेले. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू आला. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं दार किलकिलं करून मला विचारलं, "सकाळपासून कुणाशी भांडायलेत हो ह्या?"

वर दार उघडंच होतं. ओट्यावर स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला, आणि बाई त्याच्यापुढं उभ्या, हातात लाटणं. पलीकडं तारा, केस वाऱ्यावर, मागं पांढरं शीड फडफडतंय. ती कुठल्याशा पुस्तकातून वाचत होती. वाचणं कसलं, एकेक शब्द ओढून काढत होती, घामाघूम होत. एका शब्दावर गाडी अडली.

"दु... दुस... दुश..."

"अंदाज न्हाय मारायचा! बघ. ष आर्धा हाय, त्याचा पाय मोडलाय. तो क वर टेकलाय. दोघांला मिळून म्हण."

"बाई, पण ह्याचा अर्थ काय?"

"अर्थ मागनं सांगते. दुष्काळ तुझ्याकडं न्हाय, आमच्याकडं लई हाय—" आणि बाईंनी जीभ चावली. शब्द स्वतःच सांगून टाकला होता. कपाळावर हात मारून घेतला. "बरं, हा गेला. पुढची ओळ."

तारा खदखदून हसली. मग बोट ठेवून पुढच्या ओळीवर वाकली. तोंड उघडलं, आणि चित्र थिजलं. शीड अर्धं वाकलेलं, केस हवेत, तोंड उघडं.

मी म्हणाले, "लाइन गेली वाटतं. करा बंद, मी निघतेच आहे, दोन मिनिटं बोलू."

बाईंनी माझ्याकडं न बघता हात वर केला. थांबा. लाटणं तसंच धरून त्या थिजलेल्या चेहऱ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी थोडा वेळ थांबले. मग त्यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवून दाबला, पण नजर हलवली नाही. मी चपला शोधून पायात सरकवल्या. खालच्या मजल्यापर्यंत पोचते न पोचते तोच वरून आवाज आला, सगळा जिना दणाणेल असा.

"हां! न्हाय ऐकू आलं! परत वाच, आन् मोठ्यानं!"